शोध: राजलक्ष्मी, मेलवीथी, तंजावूर

तंजावूर,
९ ऑगस्ट २००१

तीर्थरूप अण्णास,

वत्सलेचा नमस्कार. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण शाळा होते, देऊळ होतं. कालव्याला पाणी अजून आलेलं नाही, तेव्हा पापनाशमच्या शेताचं कळवण्यासारखं काही नाही. वहिनीसाठी नारत्तंगायचं लोणचं घातलं आहे, मुरलं की कोणाबरोबर तरी पाठवते. माझ्या भाचीची, अखिलाची सोयरीक जवळपास ठरली, हे वाचून आनंद झाला.

क्षेमकुशल संपलं. आता तुझं पत्र.

पत्र कसलं, हेडमास्तरांची नोटीसच ती! ‘इंटरनेटवरचा मजकूर ताबडतोब काढ, नाहीतर लग्नाला येऊ नकोस.’ अण्णा, इतकी वर्षं शाळेत काढली, असल्या नोटिसा मीच फलकावर लावत आले. मजकूर मी काढणार नाही. आधी उत्तर दिलं, आता कारण सांगते.

मराठीत मुद्दामच लिहिते आहे. तुझ्या मद्रासच्या घरात ही अक्षरं तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. तेव्हा निवांत चिडून घे.

मुलाच्या काकांनी इंटरनेटवर आपलं घराणं धुंडाळलं आणि तुला विचारलं, ही राजलक्ष्मी कोण? तू म्हणालास, असेल कोणी लांबची. आपली अक्का लांबची! जिच्या परकराचं टोक धरल्याशिवाय तू शाळेच्या फाटकातून आत जायचा नाहीस, ती लांबची? मला याचा राग आला आहे, आणि तो या पत्रात दिसला तर दिसू दे.

हे सुरू कसं झालं ते ऐक. माझी जुनी विद्यार्थिनी हरिता हिनं बस स्टँडजवळ ब्राउझिंग सेंटर काढलं आहे. तिनं मला एक जागा दाखवली. जगभरातली माणसं तिथं आपले पूर्वज, हरवलेले नातेवाईक यांची चौकशी लिहून ठेवतात आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. मी पहिल्यांदा लिहिलं, ‘तंजावूरच्या एका मराठी घराण्याविषयी माहिती हवी आहे.’ नाव नाही, साल नाही. घराण्याची अब्रू सांभाळून शोध चालला होता ना! कित्येक आठवडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग ऑस्ट्रेलियातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘बाई, तुम्ही कोणाला शोधता आहात, की कोणापासून लपता आहात?’

मला तो म्हातारा आवडला. त्यानं मला शिकवलं, मी मुलांना शिकवते तसं. एका वेळी एकाच माणसाविषयी विचारा. नाव, गाव, साल मथळ्यातच घाला, म्हणजे चाळणाऱ्याचा डोळा अडेल. कुठं कुठं शोधून झालं तेही सांगा. आणि जे सांगायला अवघड वाटतं ते आधी सांगा, कारण समोरचा नेमका त्यावरूनच ओळखतो.

म्हणून दुसऱ्यांदा सगळं लिहिलं. राजलक्ष्मी, व्यंकटरमणराव यांची थोरली मुलगी, मेलवीथी, तंजावूर. जन्म १९४२. नवरा गोपालकृष्ण, वीणा घडवणारा, जातीनं आचारी, म्हणजे इथला सुतार. टाइप करता करता हरिता थांबली. “टीचर, हेहि घालूं?”

“घाल,” म्हटलं. मुलाच्या काकांना खुपलं ते हेच ना? ब्राह्मणाची पोर फणसाचं लाकूड तासणाऱ्याबरोबर गेली. गेली खरी! रात्री पळून नव्हे, भर दुपारी, अप्पांना नमस्कार करून गेली.

आणि शेवटी लिहिलं, मृत्यू १९६४.

ते तू वाचलं असशीलच. तुला खटकलं नाही, मलाही लिहिताना खटकलं नव्हतं. कसं खटकेल? अप्पांनी तिरुवैयारला कावेरीवर तिचं घटश्राद्ध घातलं. जित्याजागत्या मुलीच्या नावानं घडा पालथा केला, आंघोळ केली, घरी येऊन जेवले. तेव्हापासून आपल्या घरात ‘अक्का गेली ते साल’ असंच म्हणतात. अप्पांमागे तू महालयात तिलाही तीळपाणी सोडायला लागलास. असल्या बाईला पाणी कसलं म्हणून भटजी अडून बसले, तर तू त्यांच्याशी भांडलास. तुझी माया मला ठाऊक आहे, अण्णा. पण ती मेलेल्या अक्कावर आहे. तिचे दिवस आपण इतक्या भक्तीनं घातले की ती खरंच मेली का, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. मी तरी कोणाला शोधत होते? तिची मुलंबाळं कुठं असतील तर पाहावं, एवढंच मनात होतं.

मग मलेशियातल्या पिनांगहून उत्तर आलं. सुप्रभा नावाची मुलगी. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं ते मराठीत सांगते: ‘तुमचा मजकूर मी पूर्वीच वाचला होता. नाव, गाव, वडील, मेलवीथी, वीणा, सगळं माझ्या आईशी जुळतं. पण तुमची राजलक्ष्मी १९६४ साली वारली आहे, म्हणून ही कोणी दुसरी असं समजून गप्प बसले. माझी आई आत दोशाचं पीठ वाटते आहे. तरीही मनाला चैन पडेना, म्हणून विचारते.’

हरिताच्या सेंटरमध्ये, सगळ्या लोकांसमोर, मी रडले. मग हसले. मग तिला म्हटलं, तो मृत्यू आधी पूस.

आता तिथं लिहिलं आहे, ‘हयात’. तू मला काढायला सांगतोस तो मजकूर हा आहे. अप्पांनी तिला एकदा पुसली. मी पुसणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, सोयरीक मोडली तरी नाही.

आणि अखिलाची ढाल पुढे करू नकोस. तिला मी सगळं वेगळं, इंग्रजीत कळवलं आहे. तिचं उत्तर तुझ्या नोटिशीआधीच पोचलं: ‘अत्ते, मुलाला मीच सांगते. बिचकला तर आत्ताच कळलेलं बरं.’ पोरगी कोणावर गेली आहे ते तूच ओळख.

अक्का आणि सुप्रभा पुढच्या महिन्यात माझ्याकडे येत आहेत, ऐन महालयात. दिवस चांगला नाही असं मी म्हटलं नाही. गोपालकृष्ण मात्र राहिले नाहीत. पाणी सोडायचंच असेल तर त्यांच्या नावानं सोड, भटजींशी भांडायची तुला सवय आहेच.

परवा तिचा फोन आला होता. सदतीस वर्षांनी पहिलं वाक्य काय असावं? “वत्सू, मज मारून टाकलांत कीं!”

म्हटलं, “मी नाही, अप्पांनी.”

“आणि मज पाणी कोण देतां?”

“अण्णा. दर महालयाला.”

तिच्या तोंडी तू अजून सेतूच, अण्णा नव्हेस. म्हणाली, “सेतूस सांग, पाणी पोचलं. आतां मज कॉफी दे म्हणावं.”

निरोप पोचवला. दूध मी आणून ठेवीन. ये.

तुझ्या दोन बहिणींपैकी धाकटी,
वत्सला