नागरिकमधली वेलांटी

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे मी ठीक, आणि तुमच्या दादाने माझं डोकं उठवलंय.

झालं असं, की यांच्या वर्तमानपत्राने वेबसाइट बदलली. छापील अंक कधीच बंद झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण यांची मुद्रितशोधकाची नोकरी काही सुटली नव्हती. सकाळी चहाबरोबर साइट उघडायची, बातमीतली चूक हेरायची आणि खाली कमेंट ठोकायची: 'परिक्षा नव्हे, परीक्षा.' तिथे नाव घेतलं होतं 'वेलांटी'. बिनपगारी काम, पण माणूस गुंतलेला असायचा आणि माझा स्वयंपाक शांतपणे व्हायचा.

आता नवी साइट. उघडली की आधी एक बाई ओरडून गाद्या विकते, मग यंत्राने केलेला सारांश, आणि खरी बातमी कुठेतरी तळाला. कमेंटची चौकटच काढून टाकलीय. हे संतापले. मदतीच्या खिडकीत भलीमोठी तक्रार लिहिली. पलीकडे माणूस नाहीच, यंत्र! त्याने विचारलं, 'तुम्ही पासवर्ड विसरलात का?' हे खुर्चीतून उठून स्क्रीनवर ओरडले, "मी काहीही विसरलेलो नाही!" मी म्हटलं, "अहो, त्यापेक्षा भिंतीशी भांडा, ती निदान उलट विचारत नाही."

शेवटी म्हणाले, "ऑफिसातच जाऊन जाब विचारतो." मंगळवारी मलाही ओढत नेलं. सर्चमध्ये पत्ता शोधला, आणि पोचलो कुठे, तर जुन्या छापखान्याच्या इमारतीत. तिथे आता व्यायामशाळा आहे. वजनं हातात धरून घामाघूम माणसं आमच्याकडे बघतायत. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सर्चला शिव्या घातल्या.

वन्सं, सर्चने पत्ता बरोबर दिला होता. माझ्या फोनवर दिसत होता. हे आपसूक जुन्या रस्त्याला वळले, आणि मी फोन पिशवीत टाकून मागोमाग गेले.

नवं ऑफिस म्हणजे एका चपलांच्या दुकानावरची खोली. संपादक आपल्या नातीच्या वयाची मुलगी. ओळख सांगताच उठून उभी राहिली. "तुम्ही वेलांटी सर? तुमच्या कमेंट वाचून आम्ही शुद्धलेखन शिकलो!" हे असे फुलले म्हणता! त्यांच्या हातात चहा देऊन तिने मला हळूच तिच्या टेबलाशी नेलं.

"काकू, शिवीगाळ फार वाढली म्हणून कमेंट सगळ्यांच्याच बंद केल्या. पण सरांच्या त्याआधीच थांबवाव्या लागल्या. बघा ना."

तिच्या स्क्रीनवर, जुन्या साइटवरच्या पाणीकपातीच्या बातमीखाली यांचीच कमेंट, पुन्हा पुन्हा, एकाखाली एक: 'नागरिक नव्हे, नागरीक.'

बातमीतलं बरोबर होतं, वन्सं. 'रि'ला पहिलीच वेलांटी. जन्मभर यांच्या तोंडून ऐकून मलासुद्धा पाठ आहे.

"सरांना नाही सांगणार आम्ही," ती म्हणाली. जिना उतरताना हे म्हणाले, "बघितलंस? अजून मान आहे आपल्याला."

शुक्रवारी डोळे तपासायच्या निमित्ताने यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. औषधाने सावकाश वाढेल, थांबणार नाही. मी यांना अजून काही बोलले नाही.

तुम्ही फोनवर "दादा कसा आहे?" विचारता, तेव्हा हे शेजारीच कान देऊन बसलेले असतात, म्हणून मी "मजेत" म्हणते. काल तुमच्याशी पोटभर गप्पा मारून यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "धाकटीचा बऱ्याच दिवसांत फोन नाही गं."

आधी का सांगितलं नाही म्हणून रागावू नका. मी वेबसाइटच्या नावाने बोटं मोडत होते, तोवर मला दुसरं काही बघावं लागत नव्हतं. आता चिडायचंही त्राण नाही.

निघून या. यांना काय सांगायचं, कसं सांगायचं, ते दोघी मिळून ठरवू. दारात तुम्हाला बघून अजून "आलीस का धाकटे?" म्हणतील, तोवर या.

तुमचीच,
वहिनी