वाढलेल्या एक किलो सातशे ग्रॅमबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
धान्य गोदाम क्रमांक ३.

विषय : माझे वाढलेले वजन अर्ध्या ताटाच्या पुराव्यातून काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : भोजनगृहाच्या फलकावर लावलेली आपली दिनांक ४ ची सूचना.

महोदय,

मी आपल्या गोदामात सोळा वर्षे पोती वाहिली. मागील महिन्यापासून चाळणी विभागात आहे. शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. लिहिण्यात काही कमीजास्त झाल्यास माफ करावे, पण अर्ज शेवटपर्यंत वाचावा.

१. आपल्या सूचनेत असे आहे की, चाळणीच्या बायकांनी पूर्ण ताटाची मागणी केली होती. परंतु त्याच विभागात अर्ध्या ताटावर असलेल्या एका पुरुष कामगाराचे वजन महिन्याभरात एक किलो सातशे ग्रॅमने वाढले, त्यावरून अर्धे ताट पुरेसे असल्याचे सिद्ध होते, सबब मागणी अमान्य. तो पुरुष कामगार मी आहे. काटा बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकला आहे.

२. मी चाळणीत कसा आलो ते सांगणे भाग आहे. माझी पत्नी आपल्याच चाळणी विभागात सात वर्षे होती. थंडीत तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. त्यानंतर मी स्वतः रांधू लागलो. मला रांधता येत नव्हते, पण घरातले पातेले ओळखीचे होते. दोघांचा भात त्याच्या कडीपर्यंत यायचा. आता माणूस एकच, म्हणून मी निम्मे पातेले भात करू लागलो. डाळ निम्मी, तेल निम्मे. हिशेब सरळ होता, त्यात मला काही चूक दिसली नाही. तरी दुपारनंतर पोते पाठीवर घेतले की पाय लटपटू लागले. सोबतचे हमाल म्हणाले, दुःखाने होते असे, महिन्या-दोन महिन्यांनी अंग धरशील. मीही तेच धरून चाललो. हमालांचे दर महिन्याला वजन होते, त्यात पुढच्या वेळी मी एकसष्टचा त्रेपन्न किलो सहाशे भरलो. पंचावन्नच्या खाली हमाली नाही, असा नियम आहे. मुकादमांनी माझे नाव चाळणीत टाकले.

३. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला खोदून विचारले, काय खाता, किती खाता. मी निम्म्या पातेल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघं सारखंच जेवायचात का?" मी लगेच हो म्हणणार होतो. मग आठवायला बसलो तर मला तिचे ताट काही आठवेना. ती मला वाढून मग बसायची आणि मी उठायच्या आत तिचे झालेले असायचे. नर्सबाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले : एकाच पातेल्यात तांदूळ आणि डाळ, कडीपर्यंत, शिजल्यावर वरून दोन चमचे तेल, दिवसाआड दोन उकडलेली अंडी, खिशात मूठभर भाजलेले शेंगदाणे. स्वस्तात यापेक्षा जास्त ताकद मिळत नाही, असे त्या म्हणाल्या. मी तसे करतो. शेंगदाणे मात्र फाटकावर काढून घेतात, कारण खाण्याची वस्तू आत नेण्यास मनाई आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्रीच्या पातेल्याने माझे थोडे वजन नक्की वाढले असेल. पण ते पातेले माझ्या घरचे आहे. आपल्या अर्ध्या ताटाच्या खात्यात ते धरू नये.

४. चाळणीचे काम हलके समजले जाते, म्हणून तिथे अर्धे ताट : एक डाव भात, अर्धा डाव डाळ, एक उकडलेला बटाटा. म्हणजे माणसाचे वजन उतरले की त्याला हलके काम, हलके काम म्हणून अर्धे ताट, आणि अर्ध्या ताटावर त्याने वजन वाढवून दाखवायचे. हे कोणी ठरवले मला माहीत नाही. बहुधा कोणीच ठरवले नसेल, दोन नियम आपापले केलेले असतील. काम हलके आहे की नाही, याबद्दल एवढेच सांगतो की चाळणी दोन्ही हातांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलवावी लागते. पहिल्या आठवड्यात मला रात्री पातेल्याचे झाकण उचलवत नव्हते.

५. पहिल्याच दिवशी ताट हातात आले आणि मी त्या बटाट्याकडे बघत राहिलो. माझी पत्नी रोज संध्याकाळी रुमालात एक बटाटा बांधून आणायची. "जास्तीचा होता, स्वयंपाक्यानं दिला," म्हणायची. सात वर्षे मी तो मीठ लावून खाल्ला. मी हमालांच्या रांगेत जेवायचो, तिथे दोन बटाटे असतात, म्हणून मला ते खरे वाटले. चाळणीच्या ताटात एकच बटाटा असतो, हे मला ती गेल्यावर कळले.

६. विभागात अकरा बायका आहेत. त्यातल्या सर्वांत वयस्कर मावशींनी मला तसे बसलेले पाहिले आणि म्हणाल्या, "बघत काय बसलास? एवढ्यावर चिमणी जगेल. सरकव ताट इकडे." त्यांनी चमचाभर भात टाकला. मग ताट हातोहात पुढे गेले आणि परत आले तेव्हा भरलेले होते. मी नको म्हणालो तर दुसरी म्हणाली, "लाजतोस कशाला? घरी तरी आम्ही दुसरं काय करतो?" सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि जेवलो. त्या दिवसापासून माझे ताट रोज असेच फिरले. मी महिनाभर अडवले नाही, हा माझा दोष आहे. पोटात भूक होती आणि मला हमाली परत हवी होती. वजनाच्या दिवशी काटा पंचावन्न किलो तीनशेवर गेला, तेव्हा मला आनंद झाला हेही लपवत नाही. चार दिवसांनी आपली सूचना लागली. मावशींनी ती माझ्याकडून वाचून घेतली. पुन्हा एकदा वाच म्हणाल्या. मग चाळणी उचलून कामाला लागल्या. त्या दुपारी मी ताट सरकवले नाही, तर त्यांनी ओढून घेतले.

७. सबब विनंती की, सूचनेतील माझ्या वजनाचा उल्लेख काढून टाकावा आणि बायकांची मागणी पुन्हा विचारात घ्यावी. जे वाढले ते अर्ध्या ताटाने वाढलेले नाही, अकरा अर्ध्या ताटांतून कमी होऊन माझ्या अंगावर आले आहे. सोमवारी मला हमालीवर हजर होण्याचा आदेश आहे. हे वजन माझे नाही असे ठरले, तर मी पंचावन्नच्या खाली जातो आणि आदेश रद्द होतो, हे मला मुकादमांनी समजावून सांगितले आहे. घरी जाऊन दोन दिवस विचार करून मग हा अर्ज लिहिला आहे.

८. पुरावा पाहिजेच असेल, तर त्या अकरा जणींचे वजन करावे. काटा हमालांसाठी आहे म्हणून त्यांना आजवर कधी त्यावर उभे केलेले नाही. माझ्या पत्नीलाही केले नव्हते. माझे सोळा वर्षांचे दर महिन्याचे वजन आपल्या कपाटात आहे. ती सात वर्षांत किती होती आणि शेवटी किती उरली, हे कोणत्याही कागदावर नाही. मलाही सांगता येणार नाही.

कळावे.

आपल्या गोदामातील,
(सही)
चाळणी विभाग, बारावा कामगार
दिनांक ११

सोबत :
१. नर्सबाईंची चिठ्ठी. पाहून परत मिळावी, तिच्यावरून रांधतो.
२. वजनाची पावती, मूळ प्रत. परत नको.