‘रेकॉर्ड’च्या पोटात

५ जानेवारी
आज पुन्हा तोच कागद लिहून दिला : ‘शोध घेतला असता रेकॉर्ड आढळून येत नाही.’ बावीस वर्षांत इतक्या वेळा लिहिलाय की हात आपोआप चालतो. या वेळी जैनीला. पंचविशीची, नदीपलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची. आजोबांनी जंगलात काढलेली शेती ती आणि तिची आई कसतात. वनहक्काचा दावा टाकलाय, जुना पुरावा हवा. आमच्या कागदांच्या बस्त्यांत त्या टोल्याचं काहीच नाही.
कागद उलटसुलट करून म्हणाली, “बाबू, रेकॉर्ड म्हंजे काय असते?”
मी तहसिलीतला रेकॉर्ड कीपर. ‘जुने कागद’ म्हणालो आणि पुढची फाईल ओढली.

६ जाने.
चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेला जाडा इंग्रजी शब्दकोश काढला. एका शब्दाला सव्वा पान! गाण्याची तबकडी, धावणाऱ्याचा विक्रम, पोलिसांकडची नोंद, इथवर ठाऊक होतं. खाली जुने, वापरातून गेलेले अर्थ. पाठ करणे. आणि पाखराचं पिल्लू गाणं शिकताना हळू आवाजात घोकतं ना, त्यालाही एकेकाळी हाच शब्द! रेकॉर्डर नावाची बासरी आहे, तीही त्या घोकण्यावरूनच.
सौ. : “जेवन थंडं होऊन राह्यलं. पुस्तकच खाता का आज?”

७ जाने.
मूळ लॅटिन. दोन तुकडे : ‘पुन्हा’ आणि ‘हृदय’. पुन्हा हृदयात आणणं.
भिंग लावून परत वाचलं. तेच. ज्या खोलीला रोज कुलूप लावतो, तिच्या दारावर हे लिहिलेलं आहे.
पुढे आणखी : इंग्लंडात फार पूर्वी कोर्टाचं रेकॉर्ड म्हणजे कागद नव्हे, माणसांनी तोंडी सांगितलेली आठवण. तीच खरी धरायचे.
मग वनहक्काचे नियम काढले. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं सांगणं लिहून घेतलं, तर तोही पुरावा. हे मला ठाऊक होतं. जैनीला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नाही म्हणून… लाज वाटली. खूप.

११ जाने., रवि.
टोल्यावर गेलो. जैनीच्या आजोबांबरोबर ती जागा साफ केलेला एकच माणूस उरलाय, शेजारच्या टोल्यावरचा कोतूभाऊ. ऐंशीच्या वर. वही काढून म्हणालो, “सांगा भाऊ, बांध कुठून कुठवर?”
“बसून नाई येत. चालाव लागते, मंग येते.”
पण पाय तर गेलेले. चौघांनी खाटेवर उचललं. पहिल्या मोहाच्या झाडाशी खाट थांबवून त्यानं डोळे मिटले आणि सुरू झाला. मोह. वाकडा ऐन. दोन उंबरांमधली घळ. कुठे कोण दमून बसलं, कोणाला विंचू चावला, तेसुद्धा. एका जागी अडला.
“मांगं घ्या. मोहापासून.”
सगळी वरात मागे. असं तीनदा. खाट वाहणारे एका शब्दानं कुरकुरले नाहीत, मीच मनात चडफडत होतो.
चौथ्या फेरीत अडला नाही. “इथी गोटा हाय. त्याच्याखाली कोळसा.”
गोटा दिसेना. जैनीनं सब्बल मारून खणायला घेतलं. हातभर खाली दगड लागला. दगडाखाली दोन ओंजळी कोळसा, कोरा करकरीत.
“लाकूड सडते. कोळसा सडत नाई. म्हून बांधाच्या खुणेले टाकला होता आमी.”
मी खालीच बसलो. वडील आयुष्यभर माजरीच्या खाणीत होते, घरात काळे हात बघतच वाढलो. पण कोळसा बघून डोळे भरून यायची ही पहिलीच वेळ.
लिहिलेलं वाचून दाखवलं, त्याचा अंगठा घेतला. निघालो तर म्हणतो, “आता तू म्हन.”
“लिहिलंय ना, भाऊ.”
“कागद हापिसात जाईन. तू म्हन.”
माझ्याकडून सगळं म्हणून घेतलं, तेव्हा सोडलं.

१८ जाने.
सौ. : “न्हानीत काय पुटपुटून राह्यले?” मोह, ऐन, घळ, गोटा. एक्कावन्नाव्या वर्षी पाखराचं पिल्लू झालोय. हसू येतं आणि छातीत काहीतरी हलतंही.

२९ जाने.
वनहक्क कमिटीपुढे जैनीच्या दाव्याची सुनावणी. को.भाऊ तापानं पडलाय, येऊ शकला नाही. साहेबांनी त्याचं सांगणं वाचलं. म्हणाले, “जंगल दरवर्षी जळतं. कोळसा कुठेही सापडेल.” खोटं नाही. मग फायलीतला माझाच कागद काढला. “हे पत्र तुमचं?”
“माझंच, साहेब. आमच्या खोलीत नाही, एवढंच त्यात आहे.”
“मग आहे कुठे?”
उभा राहिलो. डोळे मिटून मोहापासून सुरुवात केली. मध्येच कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणी हसलं नाही. संपलं तेव्हा साहेब लिहीत होते. जैनी माझ्याकडे बघतच होती.
“कळवू,” म्हणाले.

१ फेब्रु., रवि.
को.भाऊकडे. ताप उतरलाय, पण आवाज फार बारीक. निकालाचं विचारेल असं वाटलं होतं. विचारलं भलतंच.
“किती लोकायनं आयकलं?”
“साहेब, कमिटीचे, शिपाई… नऊ असतील.”
“नऊ.” बोटांवर मोजून घेतले. “मंग आता मी मोकळा.” कुशीवर वळून डोळे मिटले. इतकं निवांत झोपलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. उठावंसंच वाटेना.
बाहेर जैनी मोटरसायकलपाशी उभी होती.
“त्यायचं झालं, बाबू. आमच्या जमिनीचा पट्टा कवा भेटन?”