तसं बरंय, फक्त फ्रीझर उघडता येत नाही

मिनेसोटा, ४ फेब्रुवारी
(बाहेर उणे एकतीस, आत मी)

प्रिय लोर्नाताई,

तुला आणि डीन भावोजींना नमस्कार. टूसानमध्ये तुझी तब्येत, अंगणातलं लिंबाचं झाड आणि भावोजींचा गुडघा ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. पत्र खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय, तेव्हा आधी ते वाच. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलंय ते शेवटी उघड. (तू आधी तेच उघडणार, मला माहीत आहे. नाताळच्या भेटींच्या कडा तू कात्रीने उचकटायचीस आणि बोलणी मी खायची.)

ताई, माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे. माझ्याच घरात, माझ्याच तळघरात, मीच घेतलेल्या डीप फ्रीझरला हात लावायची मला बंदी आहे. सप्टेंबरात कॅन्सरसकट वीतभर आतडं काढून दिलं तेव्हा मी हूं का चूं केलं नाही. पण फ्रीझर म्हणजे फ्रीझर. त्यात या घडीला एकोणीस हॉटडिश आहेत. तू गाव सोडून पंधरा वर्षं झाली तरी हे विसरली नसशील: खाली खिमा, मध्ये मशरूम सुपाचा डबा, वर बटाट्याच्या गोळ्यांची परेड. चर्चमधल्या एकोणीस बायकांनी एकोणीस भांडी आणून दिली. एकीनेही ‘कशी आहेस’ विचारलं नाही. शेजारची बर्निस आमोट तर दारातूनच म्हणाली, “आज जरा उबदार आहे, नाही का? उणे वीसच.” भांडं ठेवलं आणि गेली. हा आपल्याकडचा गळ्यात पडून रडण्याचा प्रकार.

आता माझ्या औषधातली खुबी ऐक. एकाचं नाव ऑक्सॅलिप्लॅटिन. त्यात खरोखरचं प्लॅटिनम असतं. (रॉजरने लग्नात दिलेली अंगठी आठवते ना, बोट हिरवं करणारी? देव उशिरा का होईना, भरपाई देतो.) हे औषध घेतलं की पुढचे चार-सहा दिवस गार वस्तूला हात लागला तर उघड्या वायरला लागल्यासारखा झटका बसतो. गार पाणी गिळलं तर घशात काचा. आणि हे औषध मला कुठे देतात? तुमच्या ॲरिझोनात नव्हे. इथे, जिथे मोटारीची किल्ली गार, दाराची कडी गार, टॉयलेटची सीट गार, आणि पास्टरसाहेबांचा हात तर बाराही महिने गार. मी दोन्ही हातांत ओव्हनचे जाड मोजे घालून फ्रीझर उघडते, हॉटडिश दोन्ही कोपरांत धरते आणि देवाला सोबत घेऊन जिना चढते. परवा मोजे तसेच घालून दुकानात गेले. कोणीही वळून पाहिलं नाही. उलट एकाने विचारलं, “कुठून घेतलेत? उबदार दिसतात.”

औषध काम कसं करतं ते डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मला समजलं नाही. मग मी घरी येऊन शिवणाच्या टेबलाशी बसले तेव्हा समजलं. तेवीस वर्षं मी या गावाच्या जाड कोटांच्या चेनी बदलतेय, त्यामुळे चेनीतलं मला कळतं. तर प्रत्येक पेशीच्या पोटात एक लांबलचक चेन असते. एकीच्या दोन व्हायच्या तर चेन आधी पूर्ण उघडायला हवी. प्लॅटिनम जाऊन तिच्या दातांत अडकतं. चेन उघडत नाही, पेशी खोळंबते आणि कंटाळून मरते. दुसरं औषध अधिक लबाड. ते दिसायला अस्सल दातासारखं, पण मापाने किंचित चुकीचं. पेशी भोळेपणाने ते उचलते, नवी चेन बनवायला घेते आणि तिथेच फसते. हे दुसरं मी पंपात भरून कमरेला बांधून घरी आणते. शेहेचाळीस तास तो पोटाशी घुर्रघुर्र करत असतो. रॉजर गेल्यापासून माझ्या शेजारी कोणी इतकं नियमित घोरलं नव्हतं.

गोम अशी की औषधाला माणूस ओळखू येत नाही. जो घाईघाईने वाढतो त्याला धर, एवढाच हुकूम. कॅन्सरच्या चुकार पेशी घाईत असतात, त्या मरतात. पण तोंडातली कातडी, आतड्याचं अस्तर, रक्तातल्या पेशी, या बिचाऱ्याही रोज नव्याने बनणाऱ्या कष्टाळू पोरी. त्यांनाही तोच दंडुका. म्हणून तोंडात फोड आहेत, प्रत्येक घासाला चेनीचे दात चघळल्याची चव आहे, आणि संडासाशी माझे संबंध आता घरोब्याचे झालेत. उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात. त्याने इतका जोर येतो की गेल्या वेळी मी भांडी पुसायच्या फडक्यांना इस्त्री केली. पुढच्या दिवशी तीच फडकी उचलायला अंगात ताकद नव्हती.

केस मात्र गेले नाहीत. थोडे विरळ झाले, बस. याची मला फार लाज वाटते. चर्चच्या विणकाम मंडळाने चौदा टोप्या विणल्या होत्या. बर्निस दर रविवारी माझ्या डोक्याकडे अशा आशेने बघते की वाटतं, बाईच्या समाधानासाठी एखादी बट तरी उपटून द्यावी.

आता एक किस्सा सांगते आणि संपवते. प्लॅटिनमने बोटं बधिर होतात, म्हणून दर डोसाआधी नर्स विचारते, “बोटांत बधिरपणा किती? शून्य ते दहा सांगा.” आधी डार्लीन होती, आपल्या गावची. मी म्हणायची, “तसं बरंय.” ती सात लिहायची. मी म्हणायची, “याहून वाईट असू शकतं,” की ती डॉक्टरांना बोलवायची. डार्लीन निवृत्त झाली. तिच्या जागी टेक्सासहून केलीन नावाची गोड मुलगी आली. तिने विचारलं, “बोटं कशी आहेत, ताई?” मी म्हटलं, “तक्रार करण्यासारखं काही नाही.” तिने शून्य लिहिलं, वर “किती छान!” म्हणाली, आणि सगळा डोस दिला. हे तीनदा झालं. पोरीचा काही दोष नाही. तिच्या गावात माणसं दुखलं की दुखलं म्हणत असतील. आपले बाबा गाडीसकट तळ्याच्या बर्फातून खाली गेले होते आणि घरी येऊन म्हणाले होते, “थोडा ओला झालो.” हे तिला कोण सांगणार?

असो. बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार. काळजी करू नकोस.

तुझी,
कार्ला

ता. क. बोटांचं म्हणशील तर, सोमवारी बर्निसचा पांढरा पडदा शिवत होते. शिवून झाल्यावर बघते तर त्यावर लाल ठिपके. सुई बोटात चार वेळा गेली होती आणि मला पत्ताच नव्हता. वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय की वेळेत सांगितलं तर डॉक्टर हे प्लॅटिनमवालं औषध कमी करतात, वगळतातही. नाही सांगितलं तर बधिरपणा कधीकधी कायमचा राहतो. बोटं गेलेल्या शिंपिणीने पुढे काय करायचं, ते पुस्तकात नाही.

ता. क. २. एकोणीस तारखेला नवव्या डोसाआधी डॉक्टर भेटणार आहेत. मी तिथे बसून “तसं बरंय” म्हणणार. मी प्रयत्न केला, आरशासमोर सराव केला, तोंडातून दुसरं निघत नाही. लहानपणापासून घरात चहाडी करण्याचं खातं तुझ्याकडे आहे. तू फोनवर दोनदा विचारलंस, “येऊ का?” मी दोनदा म्हटलं, “नको, कशाला त्रास.” मग तू विचारलंच नाहीस. ताई, तिसऱ्यांदा विचारायचं असतं. पंधरा वर्षं उन्हात राहून तू तेवढं विसरलीस. तू तिसऱ्यांदा विचारलंस असं मी धरते. हो. ये. जाड कोट मी देते, चेन नवी आहे.

ता. क. ३. आता खालचं उघड. आईच्या अंत्यविधीला तू ॲरिझोनाहून येताना सोबत आणलंस आणि इथे हॉटडिश केलीस, ते निळ्या झाकणाचं भांडं. अकरा वर्षं तू दर नाताळला विचारतेस आणि दर नाताळला मी म्हणते, माझ्याकडे नाही. पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडेच होतं. इथेच ठेवून तुला ये म्हटलं असतं तर ते आमिष वाटलं असतं, म्हणून आधीच पाठवते. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आत चार टोप्या घातल्यात. भावोजींचं डोकं कुठल्याही औषधाशिवायच तयार आहे. बुडाशी तुझ्या नावाची चिकटपट्टी होती, ती धुतल्यावर निघाली. नवी लावलीये. अक्षर वाकडं आलंय, पण नाव वाचता येतं.