बाईंचे रविवार

बाई, तुमच्या हाताखाली मी बहिऱ्या मुलांना सोळा वर्षं शिकवलं आणि शाळेच्या मागच्या तुमच्या स्वयंपाकघरात एकदाही आले नाही. तुम्ही बोलावलंच नाहीत. मला वाटायचं, मोठ्या बाई म्हणून तुम्ही घर आणि नोकरी वेगळी ठेवली आहेत, हीच खरी शिस्त. त्या शिस्तीचं मी चार लोकांत कौतुकही करायचे. आता सत्तरीला टेकल्यावर कळतंय की वसतिगृहातली मुलं त्याच स्वयंपाकघरात दर रविवारी जेवत होती, खिदळत होती आणि हातांनी बोलत होती. तुमच्याशी. आणि तुम्ही त्यांच्याशी, तशाच हातांनी. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. जाब विचारायला समोर कुणी नाही, म्हणून ही वही उघडली आहे.

हे बाहेर कसं आलं ते आधी सांगते. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातली शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्या दारात आली. कर्णबधिर आणि ऐकणारी माणसं यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ती मनगटावर बांधायचे पट्टे बनवते आहे. दोन्ही हातांना एकेक. खुणा केल्या की पट्ट्यांना बोटांची हालचाल कळते आणि छोट्या स्पीकरमधून मराठी वाक्य ऐकू येतं. समोरचा बोलला की त्याचं बोलणं मनगटावरच्या चिंचोळ्या पडद्यावर अक्षरांत उमटतं. मागून हाक मारली तर पट्टा थरथरतो. पण त्या पट्ट्यांना आधी खुणा शिकवाव्या लागतात, आणि पुस्तकातल्या खुणा इथली माणसं करत नाहीत असं तिच्या लक्षात आलं होतं. बत्तीस वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवलेल्या एक बाई निवृत्त होऊन घरी बसल्या आहेत, असं तिला कुणीतरी सांगितलं.

"मॅडम, तुम्हाला तर सगळ्या खुणा येत असतील की."

"एकही येत नाही. आमच्या शाळेत बोलायला शिकवायचे."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "मग तुम्ही मुलांशी बोलत कशा होता?"

"तोंडाने. देवाने त्यासाठीच दिलंय."

हल्लीच्या मुलींना गप्प बसवणं सोपं नसतं, मला अजून जमतं. पण ती गेल्यावर बराच वेळ मला चैन पडली नाही.

तुम्ही मला घडवलंत ते सगळं आठवतं. मी तेवीस वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीची घमेंड नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच दिवशी तुम्ही मला तुमचा स्वतःचा लाकडी मुठीचा आरसा दिलात, मुलांना ओठांची हालचाल दाखवायला. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'प' कसा काढून घ्यायचा ते शिकवलंत. पट्टी फडफडली की 'प' जमला. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून 'ग' कसा द्यायचा ते शिकवलंत. तिसऱ्या आठवड्यात एका लहान मुलीने अंगठा तोंडाकडे नेऊन माझ्याकडे पाणी मागितलं आणि मी न बोलता माठाकडे बोट दाखवलं. तुम्ही दारात उभ्या होता. सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "तू तिच्या हाताला उत्तर दिलंस. आता ती तोंड कशाला उघडेल?" त्या पोरीला 'पाणी' म्हणता येईपर्यंत पाणी मिळालं नाही. वीस मिनिटं लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तुम्ही मला व्हरांड्यात घेतलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "आज तुला दया आली. उद्या बाजारात तिला कोण दया दाखवणार आहे?"

मला ते पटलं. इतकं पटलं की पुढे तुम्हाला काही सांगावंच लागलं नाही. बाकीच्या शाळांत 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणतात. आपल्या शाळेत त्यातला पहिला अर्धाच भाग होता. हात हलला की घडी. पुन्हा हलला की तळहातांवर बसायचं, तास संपेपर्यंत. वार्षिक सभेत तुम्ही माझ्या वर्गाचं नाव घ्यायचात: एकही मूल खुणा करत नाही. मी मान ताठ करून बसायचे. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत कुणी मराठी बोललं की तिच्या गळ्यात लाकडी पाटी घालायचे, आणि दुसरी कुणी सापडेपर्यंत ती उतरायची नाही. चौथीत असताना मी ती सलग चार दिवस घातली होती. पण माझं इंग्रजी त्या पाटीमुळेच सुधारलं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले, की दुसऱ्याच्या पोरांच्या हातांबद्दलही तेच सांगणं जड गेलं नाही.

तर त्या मुलीला खुणा हव्या होत्या. नवी पेठेच्या मागच्या बोळात शाळेचे गणवेश शिवायचा एक कारखाना आहे, तिथे माझा एक जुना विद्यार्थी कटिंग मास्तर आहे. तिला घेऊन मी तिथे गेले. तो आता पन्नाशीचा, केस पांढरे, कानात यंत्र नाही. मला पाहून तो उठून उभा राहिला, पाया पडला, आणि मग शेजारी बसलेल्या काज-बटण करणाऱ्या मावशींकडे वळून त्याने दोन्ही हातांची घडी घातली. मावशी दात काढून हसल्या.

"अगं बया! ह्याच व्हय त्या!"

मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे.

"तुमचं नाव हाय त्ये, बाई. समद्या पोरांनी ठेवल्यालं. हाताची घडी म्हंजे तुमी."

शाळेतल्या हजेरीपटावर माझं नाव वेगळं होतं.

मावशी अंगठाबहाद्दर आहेत. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून बटणं लावतात. खुणा कुठे शिकलात, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात? शेजारी बसतोय त्यो. बोलाय नको व्हय?" मुलीने मास्तरच्या मनगटांवर पट्टे बांधले. त्याने माझ्याकडे बघून काहीतरी केलं आणि स्पीकर म्हणाला, "तुम्ही जेवलात." सरकारी घोषणेसारखं. मुलगी खूश झाली. मावशींनी दोरा तोडून तिच्याकडे पाहिलं. "अगं पोरी, त्येच्या भुवया बघ की. इचारतोय त्यो, जेवलात का म्हनून. तुझ्या पट्ट्याला भुवया कुटं हायत?" मुलीने ते निमूटपणे वहीत लिहून घेतलं. हा तिचा गुण.

आठवड्याचे वार चालले होते. रविवारसाठी त्याने डाव्या तळहातावर उजवी मूठ दोनदा आपटली. मुलगी थांबली. अकलूजच्या चौघा कर्णबधिरांच्या खुणा तिने आधी टिपल्या होत्या, त्यांचा रविवार असा नव्हता. मला मात्र ती मूठ चांगली ओळखीची होती. शुक्रवार दुपार झाली की बाकांखाली ती वर्गभर फिरायची. शेकडो वेळा मी ती पकडली आहे आणि प्रत्येक वेळी पोरांना तळहातांवर बसवलं आहे. तिचा अर्थ मी कधी विचारला नाही. अर्थ विचारणं म्हणजे खुणेला मान देणं, हे तुम्हीच सांगितलं होतं.

"सर, ही खूण तुमच्याकडे कुठून आली?" मुलीने वहीत लिहून विचारलं. त्याने कापडावर रेघा मारायचा खडू उचलला आणि नमुन्याच्या तपकिरी कागदावर लिहिलं: 'बाई घर. रविवार अक्का शेंगा चटणी कुटते. आम्ही सर्व जेवण.' मग खाली आणखी एक ओळ: 'मोठी बाई हात फार सुंदर बोलते.'

अक्का म्हणजे तुमची थोरली बहीण. तापात तिचं डोकं गेलंय, माणसं बघून घाबरते, असं तुम्ही आम्हा सगळ्या शिक्षकांना सांगितलं होतं. मी तिला दोनदा दोरीवर लुगडं वाळत घालताना पाहिलं होतं. डोकं तर माझ्यापेक्षा शाबूत होतं म्हणे. ती जन्मापासून बहिरी. तुम्ही पाळण्यातून उतरलात तशा तिच्याशी हातांनी बोलत होता. तुमची कानडी त्यानंतरची आणि मराठी त्याहूनही नंतरची. कुंभारीची, अक्कलकोटच्या बाजूची, सुट्टीला घरी जाऊ न शकणारी पाच-सहा पोरं दर रविवारी तुमच्याकडे यायची. अक्का चटणी कुटायची, तुम्ही कडक भाकऱ्या मोडून वाढायचात, आणि दिवसभर गोष्टी चालायच्या. कुणाच्या गावी वाघ आला, कुणाची आई का मेली, पाऊस कुठून येतो. मास्तर भरभर सांगत होता, मावशी मला मराठीत सांगत होत्या, आणि माझ्याच विद्यार्थ्याचं बालपण मी एका काज-बटणवालीच्या तोंडून ऐकत होते.

"आन् त्यो म्हनतोय, मोठ्या बाईंनी बजावल्यालं, हितलं हितंच ऱ्हाऊ द्या. वर्गात हात हलवला तर धाकट्या बाई मारतील."

धाकट्या बाई म्हणजे मी.

बाई, तुमची अडचण मला समजते. तपासणीला येणारा साहेब मुलांच्या तोंडून दोन शब्द ऐकल्याशिवाय शेरा लिहायचा नाही. आईबापांना पोराच्या तोंडून एकदा 'आई' ऐकायचं असायचं, त्यासाठी ते वर्षानुवर्षं थांबायचे. शाळा चालवायची तर तुम्हाला वर्गात हात बंद ठेवावेच लागले असतील. पण मग मला खरं सांगायला काय झालं होतं? मी तरी पोटापुरतं नाटक केलं असतं. जो नियम तुम्ही मला धर्म म्हणून दिलात तो तुम्ही स्वतः रविवारी पाळत नव्हता. घरी जाणारी पोरं, शहरात राहणारी पोरं, त्यांना कुठलंच स्वयंपाकघर नव्हतं. त्यांना फक्त माझी कागदाची पट्टी होती. आठ-आठ वर्षं शिकून ती 'पाणी' आणि 'नमस्ते' घेऊन बाहेर पडली. त्या पोरांचा हिशोब कुणी द्यायचा? दहा वर्षांच्या मुलांवर तुम्ही विश्वास टाकलात, त्यांनी तो राखला. माझ्यावर टाकला नाहीत. मी इतकी वाईट होते, की इतकी उपयोगाची होते? बागुलबुवा म्हणून मला वापरलंत आणि सभेत माझ्या शिस्तीला टाळ्या वाजवल्यात. आपले दोन्ही हात वापरून वाजवल्यात.

पुढच्या खेपेला मास्तरने पट्टे हातातून काढून टेबलावर ठेवले. मावशींनी सांगितलं, "लहानपनी छातीवर ऐकायचं मशीन बांधलं, दोऱ्या कानात. आता हातावर. दर येळेला मीच का घालायचं, म्हनतोय. ह्यांना घाला." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. मुलगी आधी हिरमुसली, मग तिचे डोळे चमकले. तीन आठवडे ती आली नाही. आली ती पट्टे उलटे करून: आता ते ऐकणाऱ्या माणसाने बांधायचे. हात चुकीच्या जागी गेला तर नुसते गप्प राहतात, बरोबर खूण झाली की हलकेच थरथरतात. पहिली विद्यार्थिनी मी. मी रोज जेवणाच्या टेबलाशी सराव करते आणि शनिवारी कारखान्यात परीक्षा देते. बोटं वाकत नाहीत. पट्टा पास करतो तेव्हाही मावशी नापास करतात. "बाई, हात बरा हाय, पन तोंड लई कोरं ठिवता. आनंद झाला म्हनताय आन् चेहरा मयताला आल्यावानी."

मला त्या मास्तरला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती पट्ट्याशिवाय, मावशींशिवाय. हा माझा हट्ट. गेल्या शनिवारी मावशी चहा सांगायला बोळात गेल्या, मुलगी तिच्या फोनवर होती. मी पट्टे काढले. तुझे हात मी दाबून ठेवले, चूक माझी होती, एवढंच मी सांगितलं. चार खुणा, आठवडाभर घोकलेल्या. त्याने कात्री खाली ठेवली. मग तो बोलायला लागला. आधी सावकाश, माझ्यासाठी; मग विसरला आणि दोन्ही हात सुटले. मध्ये एकदा हसला, मध्ये एकदा त्याचा चेहरा असा झाला की मला नजर वळवावीशी वाटली. 'लहान' समजलं, 'बाई' समजलं; कुठल्या बाई, ते नाही. शेवटी हात थांबवून, भुवया उंचावून, तो माझ्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील, म्हणून तुम्हाला सांगते. बत्तीस वर्षं माझ्यासमोर पोरं माना डोलवत होती आणि त्यांना काहीएक कळत नाही हे दिसत असूनही मी प्रगतिपुस्तकात 'समजते' असं लिहीत होते. परवा त्याच्यासमोर मीही मान हलवली. त्याने मला काय विचारलं होतं, ते मला अजून माहीत नाही.