लाल रेघेची सुई

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रिस्का,

तुला जय ख्रिस्त, आणि माझा नेहमीचा जिंदाबाद.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझी लेक मर्सी आणि नात मजेत ना? मेलबर्नला आता ऊन तापू लागलं असेल. इथे सकाळी जरा गारवा असतो. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे आपण दोघींनी हंडे घेऊन काढलेले मोर्चे निम्मे यशस्वी झाले असं म्हणायला हरकत नाही.

तुझे फोन आलेले मी पाहिले. मार्चपासून सतरा. कधी माझा घसा बसला होता, कधी नेट नव्हतं, कधी मी बाहेर होते. कारणं मी तुला मेसेजवर कळवत होते, त्यामुळे पुन्हा लिहीत नाही.

आधी आनंदाची बातमी. तुझे सभापती जिवंत आहेत. नुसते जिवंत नाहीत, काल संध्याकाळी त्यांची साखर एकशे बासष्ट होती आणि आज सकाळी त्यांनी माझ्या ताटातला बोंबील पळवला. जानेवारीत तू जाताना मांजराची टोपली माझ्या हातात दिलीस आणि एवढंच म्हणालीस, की जयवंती, भाषण देऊ नकोस, त्याला खायला दे. मी दोन्ही केलं.

जुलैत तो झिजायला लागला. पाण्याची वाटी तासाभरात रिकामी करायचा आणि खाऊनही अंगाला लागायचं नाही. वसईच्या डॉक्टर अश्लेषाकडे नेला. पोरसवदा दिसते, पण बोलण्यात तुझ्यासारखी, एक शब्द जास्त नाही. साखर निघाली चारशे बारा. म्हणाली, दिवसातून दोनदा इन्सुलिन, बारा तासांच्या अंतराने, आधी खाणं आणि मग सुई. एकही वेळ चुकवायची नाही, आणि मनाने वाढवायची तर मुळीच नाही.

मी, जिने जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर रिकामा हंडा आपटला, ती मांजराच्या मानेची कातडी चिमटीत धरून डोळे मिटत होते. पहिली सुई माझ्याच अंगठ्यात गेली. शिवाय त्या सुईच्या नळीवरच्या रेघा मला दिसेनात. एक युनिट कुठे आणि दोन कुठे? मग वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली नेलपॉलिश विकत घेतली आणि प्रत्येक सुईवर योग्य जागी एक लाल रेघ ओढून ठेवायला लागले. डॉक्टरने ती युक्ती फळ्यावर लिहून ठेवली, दुसऱ्या म्हाताऱ्यांसाठी.

तुझ्या वाडीत वाढलेला प्राणी, फ्लॅटमध्ये तो फक्त झोपायला येतो. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, साहेब गच्चीवर टाकीखाली. म्हणून मी ताटली, मीटर आणि सुई घेऊन चार जिने चढायचे. कान टोचून एक थेंब, मग मासा, मग सुई. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट. या बाबतीत मी शिस्तीची आहे. होते, असं लिहायला हवं. त्याच्याकडे येते.

साखर काही बसेना. एकाचे दोन युनिट झाले, डॉक्टरने तीन केले, तरी आकडा तीनशेच्या खाली येईना. मी सरळ शेजाऱ्यांवर संशय घेतला. कोणीतरी बिस्किटं घालतंय, असा फलक जिन्यात लावला, खाली सही करून. बिस्किटं कोणीच घालत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरने त्याचं तोंड उघडून मला आत बघायला लावलं. हिरड्या जास्वंदीसारख्या लाल आणि मागच्या दाढा कुजलेल्या. म्हणाली, तोंडात एवढा जंतुसंसर्ग असेल तर इन्सुलिन हवं तसं काम करत नाही, आणि साखर चढलेली राहिली की हिरड्या आणखी बिघडतात. साखर थोडी आटोक्यात आणून दात काढावे लागतील. वय अकरा, भूल द्यायची म्हणजे धोका आहेच.

हे मी तुला फोनवर सांगायला हवं होतं. मांजर तुझं आहे.

प्रिस्का, आता खरं लिहिते. माझा घसा कधीच बसला नव्हता.

फेब्रुवारीत माझे वरचे सगळे दात काढले. पायरिया होता, दोन वर्षं मी तो लपवत होते. कवळी बसवली. आठ मार्चला शाळेच्या मैदानात महिला दिनाचं भाषण होतं, तीनशे बायका. मी ‘संघर्ष’ म्हणाले आणि कवळी निसटली. हातात झेलली. माईकने तो आवाज मैदानभर नेला. पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या. त्यांचा दोष नाही, मीही हसले असते. तोंडावर पदर धरून मी भाषण संपवलं, घरी आले, आणि त्यानंतर चार माणसांत तोंड उघडलं नाही. फोनवर तर कवळी शिट्टी मारते. तुझ्याशी त्या आवाजात बोलायचं? तुझ्या निरोपाच्या सभेत मी काय म्हणाले होते ते तुला पाठ असेल, मलाही आहे. ‘काही जणी लढाई संपण्याआधी मैदान सोडतात.’ तू पहिल्या रांगेत, हातात काठी. टाळ्याही पडल्या.

आता त्या सुईकडे येते.

तीन नोव्हेंबरला संध्याकाळी गच्चीवर टोचताना सभापतींनी झटका दिला आणि सुई निसटून टाकीखाली गेली. मी वाकून शोधली. अंधारायला लागलं होतं. सकाळी बघू म्हटलं आणि सकाळी विसरले. ती सापडली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथभाऊ यांना.

पाच तारखेला खाली पार्किंगमध्ये तातडीची सभा. दिनानाथभाऊंच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत माझी सुई. गच्चीवर गर्दुल्ले येतात, म्हणाले, आणि बाहेरचे नसतील तर आतलेच कोणीतरी. मग कोणीतरी म्हणालं की दुसऱ्या मजल्यावरचा तो भाडेकरू बघा, पहाटे तीनला बाहेर पडतो आणि दुपारभर झोपतो. तो म्हणजे जेम्स. पन्नाशीचा, एकटा माणूस, वसईतल्या एका बेकरीत पावाच्या भट्टीवर असतो. पहाटे तीनला गेला नाही तर या सगळ्यांना सकाळी पाव कोण देणार? हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

 जेम्सने शर्टाच्या दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात पुढे धरले, सगळ्यांना दिसतील असे. हातांवर भट्टीचे चटके होते, जुने, काळे पडलेले. मागून एक बाई म्हणाली, ‘हे डाग कसले मग?’

मी तिसऱ्या खुर्चीवर होते. पिशवीतली लाल रेघ मला तिथून दिसत होती. माझ्या हाताची रेघ, थोडी वाकडी. मी तोंडावर हात ठेवून बसून राहिले. महिनाअखेरपर्यंत खोली खाली करायला सांगावी असा ठराव झाला. विरोधात कोणी आहे का, असं दिनानाथभाऊंनी विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे पाहिलं, सवयीने. पंधरा वर्षं प्रत्येक ठरावाला विरोध मीच करत आले आहे. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दिनानाथभाऊंच्या दारापर्यंत गेले आणि पाण्याच्या टँकरबद्दल विचारून परत आले. चार पानी चिठ्ठी लिहिली आणि फाडली. जेम्स जिन्यात भेटायचा, ‘नमस्ते बाई’ म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. त्याने चिंचोटीकडे एक खोली बघून ठेवली होती. तिथून पहाटे वसईला यायला काही मिळत नाही. मला हे सगळं माहीत होतं.

दहा तारखेला सभापतींचं ऑपरेशन. सकाळी उपाशी, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे इन्सुलिन निम्मं. दोन तास मी बाकावर बसले होते. तुझी आठवण काढून तुझ्या देवालाही सांगून ठेवलं, माझा त्याच्याशी फारसा संबंध नसताना. नऊ दात निघाले. अश्लेषाने वाटीत घालून आणून दाखवले, तांदळाच्या कण्यांएवढे काही, आणि एवढं दुखणं.

शुद्धीवर आल्यावर त्याने काय केलं माहीत आहे? शेजारच्या पिंजऱ्यात एक मोठा अल्सेशियन होता. तो भुंकला. सभापती धडपडत उभे राहिले, पाय लटपटत होते, आणि त्यांनी तोंड पुरतं उघडून फिस्कारा टाकला. आत एक सुळा आणि टाके घातलेल्या हिरड्या. अल्सेशियन मागच्या भिंतीला जाऊन टेकला. मी हसले, तोंडावर हात धरून.

अश्लेषा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ‘बाई, तुम्ही हात का धरता?’

 वसईहून आचोळ्यापर्यंत रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसले होते आणि हात टोपलीवर होते, तोंडावर नव्हते, एवढं आठवतं.

दुखणं गेलं आणि साखर झपाट्याने उतरायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी सुईआधी पाहते तर तो डुलत होता, मान धरवत नव्हती. मीटरवर अठ्ठेचाळीस. सुई बाजूला ठेवली, ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांवर चोळलं आणि डॉक्टरला फोन लावला. पहिल्यांदाच विचार न करता, शिट्टीसकट. तिने सगळं समजून घेतलं, एकदाही ‘काय?’ विचारलं नाही. खायला घाला आणि घेऊन या, म्हणाली. इन्सुलिन आता एका युनिटावर आलं आहे.

परवा रविवारी मासिक सभा होती. खोलीची किल्ली कधी देणार, हे विचारायला जेम्सला बोलावलं होतं. मी उभी राहिले. पहिल्याच शब्दाला शिट्टी वाजली आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग मी कवळी काढली, सेक्रेटरींच्या टेबलावर इतिवृत्ताच्या वहीवर ठेवली, आणि म्हणाले:

‘त्या पिशवीतली सुई माझी आहे. मांजराची आहे. लाल रेघ मी ओढली आहे, ही दुसरी बघा. पाच तारखेला मी इथे बसले होते आणि गप्प राहिले, कारण मला माझ्या दातांची लाज वाटत होती. एका माणसाने तुमच्यासमोर बाह्या वर केल्या, आणि मला तोंड उघडता आलं नाही.’

त्यानंतर मी सात मिनिटं बोलले, प्रिस्का. ‘त’ कुठे जातो आणि ‘स’ कुठे जातो याचा मी हिशेब ठेवला नाही. भट्टी, पाव, पहाट, भाडेकरू म्हणजे माणूस नव्हे असं समजणारे आपण, आणि सर्वांत आधी मी. हसणारे दुसऱ्या मिनिटाला थांबले. दिनानाथभाऊंनी चष्मा पुसून दोन्ही सुया शेजारी धरल्या आणि रेघा ताडून पाहिल्या. ठराव रद्द झाला. मी माफी वहीत लिहायला लावली, आधी माझ्या नावाने, मग सोसायटीच्या. ती डागांबद्दल बोललेली बाई उठून गेली नाही, तिनेही सही केली.

सभा संपल्यावर जेम्स माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘अकरा दिवस.’

मी म्हटलं, हो.   मग त्याने विचारलं, ‘मांजर पाव खातं?’

‘नाही. साखर वाढते त्याची.’

‘आणि तुम्ही?’

‘मी खाते. पावाला दात लागत नाहीत.’

तो हसला नाही. पण काल सकाळी दाराच्या कडीला पिशवी होती, अजून गरम. आजही होती.

आता तुझ्यापुढे उभी राहते. तुझे गुडघे गेले होते, तुला नात सांभाळायची होती, आणि तू ते सगळ्यांसमोर सरळ सांगितलंस. मी तुला पळपुटी ठरवलं, आणि नंतर आठ महिने मी स्वतः एका कवळीमागे लपून बसले. त्या दिवशीचं ते वाक्य मी मागे घेते. टाळ्या पडल्या होत्या, त्या परत करता येत नाहीत, वाक्य येतं. येत्या बायकांच्या सभेत तुझं नाव घेऊन ते माईकवरून मागे घेईन.

रविवारी सकाळी नऊला मी तुला फोन करणार आहे, तुझ्याकडे दुपार असेल. सभापतींची सात वाजताची सुई झालेली असेल, तेही शेजारी असतील. कवळी वाटीत ठेवलेली असेल. पहिली दोन मिनिटं तू पोटभर हसून घे, मी थांबते. मग मला बोलायचं आहे.

तुझी, बोलायला उभी राहिलेली,
जयवंती