वाफ्याला बाटल्यांची कड

बोरी,
२३ मार्च २०२५

प्रिय जीवन,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. निदान फाडायच्या आधी वाचशील तरी. पूर्णेत ऊन कसं आहे? रेल्वेची ड्यूटी करून नुसत्या चहावर राहू नकोस.

इकडे अंगणातले वाफे नव्याने केले. मोगऱ्याला कळ्या आल्यात, मेथी बोटभर वर आलीय. काळ्या मातीची कड काही टिकत नव्हती. पाणी सोडलं की ढासळायची आणि उरलेली कोंबड्या उकरायच्या. मग तुझ्या दाजींनी रिकाम्या बाटल्या तोंड खाली करून एकीला एक लावून रोवल्या. आता पाणी वाफ्यातच राहतं. उन्हात काच अशी चमकते की शेजारच्या दगडाबाई मुद्दाम बघायला आल्या. "लय झ्याक दिसायलंय! एवढ्या बाटल्या आणल्या कुठून गं?" म्हणाल्या. मी खाली मान घालून मेथीतलं तण उपटत राहिले.

तुला मात्र माहीत आहे. गोठ्यामागचा तोच ढीग.

बाळाच्या बारशाला दाजी पिऊन पडले आणि तू भरल्या ताटावरून उठलास. "यांची सुटल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही," म्हणालास. सगळे तुला बोलले. मला मात्र आपल्यासाठी कुणीतरी ताट सोडलं याचं बरंच वाटलं होतं, आज सांगते.

संक्रांतीपासून त्यांनी दारूला हात लावला नाही, असं लिहिणार होते. पण खोटं नको. धुळवडीला एकदा प्यायले. सासूबाई म्हणाल्या, "ती बाटली तरी लांब फेक, लोकं आधीच नावं ठिवायलेत." दुसऱ्या दिवशी दाजींनी ती धुतली आणि नेमकी दारासमोरच्या वाफ्याला रोवली. "लपवायची न्हाई. जाता-येता मलाच दिसू दे." ती एकटीच हिरवी आहे, कुणाच्याही डोळ्यांत भरते. मी आधी चिडले. मग संध्याकाळी त्याच वाफ्यात झेंडू लावला.

आता मुद्द्याचं. अक्षय्य तृतीयेला बाळाचं जावळ काढायचं आहे. मामाची मांडी लागते. सासूबाई म्हणतात, त्यांच्या भाच्याला, तात्यारावाला बसवू. मी साफ नाही म्हटलं. केस डोळ्यांवर येऊन पोरगं वैतागलंय, तरी कुणाला कात्री लावू दिली नाही. काल दाजी हळूच म्हणाले, "जीवनला म्हणावं, माझ्याशी बोलू नको, पण लेकराला मांडीवर घे."

दारू सुटली, असं मला लिहिता येत नाही. सुटेल असं रोज वाटतं, एवढंच खरं आहे. सगळं सुरळीत झाल्यावर तर कुणीही येईल रे. ते धडपडतायत, तेव्हा आपलं माणूस समोर हवं. तू आत्ता ये.

तुझ्याशिवाय दुसरं माहेर नसलेली,
राजेश्रीताई